नळीतली हवा

स्प्लिट एसी बसवताना घरच्यांना दिसणारं काम दीड-दोन तासांत आटपतं. भिंतीला भोक पडतं, पत्रा बसतो, इनडोअर टांगला जातो, आउटडोअर बाहेरच्या स्टँडवर चढतो, तांब्याच्या नळ्या जोडल्या जातात. मग घरातलं कोणीतरी रिमोटमध्ये सेल घालायला घेतं. माझं महत्त्वाचं काम तेव्हा सुरू होतं, आणि ते करताना मी स्टुलावर बसून नुसता गेजकडे बघत असतो. "दादा, आता कशाला थांबलात? लावा की चालू," हे वाक्य या धंद्यात मी सगळ्यांत जास्त ऐकलं असेल.

माझं दुकान शिळफाट्याला आहे. कल्याण-मुंब्र्याकडचा शिळफाटा वेगळा. हा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. इथून खोपोलीतल्या सोसायट्या, खालापूर-चौकच्या बाजूची नवी संकुलं आणि कर्जतकडची फार्महाऊस अशी माझी कामं असतात. एप्रिल-मे महिन्यांत फोन खाली ठेवता येत नाही. जूनमध्ये घाटाखालचा पाऊस सुरू झाला की भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, आणि हवेत इतकं पाणी असतं की उघड्या ठेवलेल्या तांब्याच्या नळीतसुद्धा ते जाऊन बसतं. हे नळीतलं पाणी आणि नळीतली हवा बाहेर काढणं, आणि त्याआधी नळी कुठे गळत नाही ना हे पाहणं, यासाठी मी थांबलेला असतो.

नवीन एसीचा गॅस कारखान्यातून आउटडोअरमध्ये कोंडून येतो. इनडोअरची कॉइल आणि मधल्या दोन नळ्या यांत मात्र आपली साधी हवा असते. पावसाळ्यात तीस अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. नळीत मावणारी हवा लिटर-दोन लिटर, म्हणजे पाणी अगदी थोडं. पण हल्लीच्या आर ३२ आणि आर ४१० गॅसच्या मशिनांतलं तेल पाण्याला हपापलेलं असतं. ते पाणी शोषतं, गरम कॉम्प्रेसरमध्ये त्याचं आम्ल होतं, आणि ते आम्ल मोटरच्या वाइंडिंगला खातं. हवा राहिली तर गॅससारखा तिचा द्रव होत नाही. ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते, प्रेशर वाढतं, बिल वाढतं, आणि खोली हवी तशी थंड होत नाही. यातलं काहीही पहिल्या दिवशी कळत नाही. पहिल्या दिवशी गार हवा येते, घरचे खूश होतात, मेकॅनिक पैसे घेऊन जातो. दोन-तीन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर जातो तेव्हा दोष कंपनीला दिला जातो.

आमच्याकडे सर्रास चालणारी पद्धत म्हणजे पर्जिंग. बारीक नळीचा व्हॉल्व्ह एल-कीने थोडा उघडायचा, आउटडोअरमधला गॅस आत सोडायचा, दुसऱ्या टोकाला पिन दाबून किंवा नट सैल करून "फुस्स" होऊ द्यायचं, की झालं. दहा-पंधरा सेकंदांचं काम. आर २२ च्या काळात जुन्या मंडळींनी असंच केलं आणि त्यांच्या मशिनी चालल्याही, कारण तेव्हाचं मिनरल तेल इतकं पाणी ओढत नव्हतं. त्या वस्तादांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्याच हाताखाली मी फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं नळीचं पसरट तोंड, काढायला शिकलो. पण तेल बदललं, गॅस बदलला, आणि पद्धत मात्र तीच राहिली. शिवाय आर ३२ थोडाफार पेट घेणारा गॅस आहे. बंद खोलीत त्याची फुस्सफुस्स करणं बरोबर नाही. फुंकून हवा ढकलली जाते, पण नळीच्या आतल्या भिंतीला धरलेलं पाणी तसंच राहतं.

ही पद्धत टिकण्याचं कारणही सांगायला हवं. बहुतेक पोरांना पैसे मशिनमागे मिळतात, तासामागे नाही. मे महिन्यात दिवसाला जितकी मशीन लागतील तितकी कमाई. नायट्रोजनचं सिलिंडर, रेग्युलेटर, व्हॅक्यूम पंप, मायक्रॉन गेज हे सगळं स्कूटरवर घेऊन तिसरा मजला चढायचा आणि प्रत्येक मशिनला वर दोन तास द्यायचे, त्याचे पैसे कोणी देत नाही. पोरगं आळशी असतं म्हणून पंप आणत नाही, असं मला वाटत नाही. दर ठरवणाऱ्याने हे दोन तास हिशेबातच धरलेले नसतात.

गळती तपासायला मी कोरडा नायट्रोजन वापरतो. ऑक्सिजन कधीही नाही. वेल्डिंगवाल्याकडचं ऑक्सिजनचं सिलिंडर हाताशी असतं म्हणून काही जण तेच लावतात. तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो. कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं. नायट्रोजन कोरडा असतो, जळत नाही आणि स्वस्त असतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये दोन हजार पीएसआयच्या वर दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय हात लावायचा नाही. मी आधी थोडा दाब देतो, कान लावतो, मग दोनशे, मग चारशेच्या आसपास नेतो. आउटडोअरचे व्हॉल्व्ह तोवर बंदच. मशिनच्या पुस्तकात परीक्षेचा आकडा वेगळा दिला असेल तर तो पाळतो. चालू मशिनमध्ये आर ३२ चा दाब उन्हाळ्यात याच घरात जातो, त्यामुळे पन्नास-शंभर पीएसआयवर तपासून काही सिद्ध होत नाही.

खोपोलीत हे समजावणं कधीकधी सोपं जातं. इथलं टाटांचं वीज केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी मोठ्या लोखंडी पाइपांतून घाट उतरून खाली टर्बाइनवर येतं, उंची सुमारे पाचशे मीटर. एका घरी काम करत होतो, तिथले काका निवृत्त झालेले, उमेदीची वर्षं पॉवर हाऊसवर गेलेली. मी चारशे पीएसआय म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "दहा मीटरला एक किलो. म्हणजे आमच्या पाइपात खाली पन्नास किलो, तुमचे सातशे पीएसआय झाले." मग सुनेला म्हणाले, "त्याला बसू दे. प्रेशर लावलं की सांध्याजवळ घाई करायची नसते." तेवढं बोलून त्यांनी स्वतःच एक खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी गेजसमोर बसले. मी फ्लेअर नटवर साबणाचं पाणी लावत होतो तेव्हा चष्मा पुसून खाली वाकून बघत होते. एका सांध्यावर साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. त्यांनी ते माझ्याआधी पाहिले.

तो फ्लेअर मी कापून पुन्हा काढला. फ्लेअर हा सगळ्या कामाचा जीव आहे. नळी कटरने कापायची, हॅक्सॉने नाही. रीमरने आतली कड काढताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा कीस आत न जाता जमिनीवर पडतो. फ्लेअर झाला की उजेडात फिरवून बघायचा. कडेला चीर नको, ओरखडा नको, गोलाई सगळीकडे सारखी हवी. नट आधी हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे. सुरुवातीलाच पाना लावावा लागला तर तो वाकडा बसलाय. मग टॉर्क रेंच. पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ५० ते ६० च्या घरात. अंगातल्या ताकदीने आवळलेला नट दोन प्रकारे दगा देतो: कमी आवळला तर लगेच गळतो, जास्त आवळला तर फ्लेअर चिरतो आणि पहिला कडक उन्हाळा आला की गळतो.

दाब लावून थांबायचं किती? उघड्या नळीला, जिचे सगळे सांधे डोळ्यांसमोर आहेत, मी अर्धा-पाऊण तास देतो. भिंतीत गाडलेल्या नळीला रात्रभर. हे दुसरं प्रकरण हल्ली फार वाढलंय. नव्या इमारतींत बिल्डरचा किंवा इंटिरियरवाल्याचा माणूस प्लास्टरच्या आधी भिंतीत तांब्याच्या नळ्या टाकून ठेवतो. दिसायला छान, कुठे पांढरी पट्टी नाही. पण एसी लागेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातात, आणि मधल्या काळात त्या भिंतीवर सुतार, इलेक्ट्रिशियन, पीओपीवाला असे सगळे येऊन जातात.

असाच एक फ्लॅट. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलगा पुण्याला. तीन खोल्यांत तीन नळ्या गाडलेल्या. आधीचा मेकॅनिक म्हणाला होता, "टाकून देतो, चालेल." मी प्रत्येक लाइन वेगळी बंद केली, एका टोकाला टोपी, दुसऱ्याला व्हॉल्व्ह, आणि संध्याकाळी तिन्हींवर चारशे पीएसआय लावून ठेवले. भिंतीवर पेन्सिलीने दाब, वेळ आणि तापमान लिहून ठेवलं. तेव्हा खोलीत ३६ अंश होते.

सकाळी गेलो तर २६ अंश. दोन गेजवर ३८७ च्या आसपास काटा. माझ्याबरोबरचा पोरगा घाबरला. "दादा, दोन्ही उतरल्या." मी त्याला म्हटलं, बस, कागद घे. बंद नळीतला वायू थंड झाला की दाब उतरतोच. हिशेब मात्र नीट करायचा: गेजच्या आकड्यात हवेचा १४.७ मिळवायचा, तापमानात २७३ मिळवायचे, मग प्रमाण काढायचं. ३६ वरून २६ ला आलं की चारशेचे साधारण ३८७ होतात. म्हणजे त्या दोन लाइनी पक्क्या होत्या. तिसऱ्या लाइनचा, बेडरूमच्या नळीचा काटा ३४० वर होता. तेरा पीएसआय थंडीचे. बाकीचे गळतीचे.

आता भिंत सगळी प्लास्टर केलेली, रंगवलेली, तिच्यावर छतापर्यंत कपाट. साबणाचं पाणी लावणार कुठे? कपाटाची भिंत आणि नळीची वाट एकच असल्याचं बाईंनीच सांगितलं. त्यांनी प्लास्टरआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. (घर बांधताना एवढी एक गोष्ट प्रत्येकाने करावी. भिंतीत काय गाडलंय त्याचा फोटो, बाजूला टेप धरून.) आम्ही पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, दाब परत चारशेवर नेला आणि कपाटाच्या पाठीचे स्क्रू एकेक करून काढायला घेतले. वरच्या रांगेतला एक स्क्रू अर्धा बाहेर आला आणि त्याच्या भोकातून प्लास्टरची पांढरी धूळ उडाली. मागोमाग सूंऽऽ असा बारीक आवाज. स्क्रूच नळीत घुसलेला होता आणि इतका काळ स्वतःच बूच होऊन बसला होता. म्हणून गळती रात्रभरात सत्तेचाळीसच पीएसआय होती.

भिंत वीतभर फोडली. दाब सोडून दिला. नळीचा तो तुकडा कापला, नवा घातला, आणि ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजनची अगदी हलकी धार चालू ठेवली. ती नसली तर गरम तांब्याच्या आत काळी खपली धरते, आणि तीच पुढे जाऊन कॅपिलरीच्या बारीक नळीत अडकते. मग पुन्हा चारशे, पुन्हा एक रात्र. दुसऱ्या सकाळी काटा हिशेबात बसला तेव्हाच भिंत बुजवली. "टाकून देतो, चालेल" म्हणणाऱ्याने त्यात गॅस सोडला असता तर तो भिंतीच्या पोटातून, झोपायच्या खोलीत, हळूहळू निघून गेला असता आणि बाईंना दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागला असता.

दरवर्षी गॅस भरावाच लागतो हा गैरसमज इतका मुरलाय की लोक तो पेट्रोलसारखा संपतो असंच धरून चालतात. बंद नळीत फिरणारा गॅस संपत नाही. कमी झाला तर तो कुठून तरी बाहेर गेलाय. गळती न शोधता वर्षाला गॅस भरणारा माणूस तुमच्याकडून वर्षासन घेतोय. आणि बाहेर गेलेला गॅस लगेच मावळत नाही. एक किलो आर ३२ हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आर ४१० त्याच्या तिपटीहून जास्त.

नायट्रोजन सोडून दिला की पंप लागतो. व्हॅक्यूम म्हणजे नुसती हवा ओढणं, असं मलाही आयटीआयला जाईपर्यंत वाटायचं. तिथे सरांनी फळ्यावर पाण्याच्या उकळण्याचा तक्ता काढला आणि सगळा उलगडा झाला. आपल्याभोवती हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, म्हणजे ७ लाख ६० हजार मायक्रॉन. तो उतरवत ३२ हजारांवर आणला की तीस अंशांच्या पाण्याला आपोआप उकळी फुटते. आग नाही, शेगडी नाही. नळीला धरलेलं पाणी वाफ होऊन पंपातून बाहेर पडतं. आम्ही ५०० मायक्रॉनच्या खाली नेतो, म्हणजे पाण्याला आत राहायला जागाच उरत नाही.

मॅनिफोल्डचा निळा गेज इथे कामाचा नाही. त्याचा काटा उणे तीस इंचांवर जाऊन टेकतो आणि तिथेच बसतो. आत पाच हजार मायक्रॉन आहेत की पाचशे, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून वेगळा मायक्रॉन गेज हवा. हे यंत्र घेतल्यापासून माझ्या कामाला डोळे आले असं मी म्हणेन.

कर्जतच्या बाजूला एका फार्महाऊसवर याचा पुरेपूर प्रत्यय आला. तिथे नळ्या उन्हाळ्यात टाकलेल्या, तोंडं उघडी. मालक मुंबईला. पावसाळा सगळा त्या उघड्या तोंडांवरून गेला. मी सप्टेंबरमध्ये पोचलो. नायट्रोजनची परीक्षा उत्तम पार पडली, एक पीएसआय इकडेतिकडे नाही. पंप लावला तर आकडा पटापट उतरून साडेचार-पाच हजारांच्या मध्ये अडकला आणि हलेना. मालक म्हणाले, "गळती असेल." गळती नव्हती. ४,६०० मायक्रॉनच्या आसपास पाण्याचा बर्फ होतो. आत इतकं पाणी होतं की पंपाने ओढता ओढता ते थिजायला लागलं होतं. अशा वेळी पंप नुसता रेटून उपयोग नाही. पंप बंद केला, आत कोरडा नायट्रोजन सोडला, नळी हाताने कोमट लागेपर्यंत थांबलो, नायट्रोजन सोडून दिला, परत पंप लावला. पंपाच्या काचेतलं तेल दुधासारखं पांढरं झालं होतं. ते बदललं, पुन्हा पांढरं झालं, पुन्हा बदललं. मध्ये वीज गेली. पंप थांबला की आतली पोकळी पंपाचं तेल उलटं नळीत ओढून घेऊ शकते, म्हणून पोराला पंपाशेजारीच बसवलं होतं. अंधार होताच त्याने आधी व्हॉल्व्ह बंद केला आणि मग टॉर्च शोधली. संध्याकाळी उशिरा आकडा चारशेवर आला.

तिथेही लगेच गॅस सोडला नाही. व्हॉल्व्ह बंद करून, पंप थांबवून, दहा-पंधरा मिनिटं आकडा कुठे जातो ते बघायचं. तो चढत चढत जातच राहिला तर गळती. दीड-दोन हजारांवर चढून तिथे थबकला तर आत अजून पाणी आहे. पाचशेच्या आतबाहेर राहिला तर लाइन तयार. आमचा आकडा ४६० वर थांबला. मग एल-की फिरवून आउटडोअरचा गॅस आत सोडला. नळी नेहमीपेक्षा लांब होती, म्हणून पुस्तकातल्या दराने जास्तीचा गॅस काट्यावर तोलून घातला.

उलटं कामही याच काळजीने करायचं असतं. मशीन एका घरातून दुसरीकडे न्यायचं असेल तर गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्याला पंप डाउन म्हणतात. तेव्हा नट सैल असला, व्हॉल्व्ह चुकीचा उघडा राहिला, तर कॉम्प्रेसर हवा आत खेचतो. हवा, तेल आणि दाब एकत्र आले की कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. माणसं गेली आहेत यात. नवशिक्या पोरांनी एकट्याने हे करू नये.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिला महिना फक्त फ्लेअर काढायला लावतो आणि गेज वाचायला बसवतो. कंटाळतात. भोक पाडायला, स्टँड ठोकायला त्यांचे हात शिवशिवत असतात. पण ज्याला काट्यासमोर अर्धा तास बसवतं त्याचं मशीन परत येत नाही, आणि शिळफाट्यासारख्या ठिकाणी तीच जाहिरात असते.

वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. एसी बसवायचं ठरवताना मशिनच्या किमतीइतकीच चौकशी बसवण्याची करा. नायट्रोजन लावणार का, व्हॅक्यूम पंप आणणार का, मायक्रॉन गेज आहे का, हे फोनवरच विचारा. त्यासाठी वरचे पैसे मागितले तर द्या. ते कॉम्प्रेसरच्या किमतीपुढे काहीच नाहीत. आणि माणूस पंप लावून बसला की त्याला चहा द्या, पण "चालू करा" म्हणू नका. पाचशेच्या खाली आकडा आला की त्याचा फोटो काढून बिलाबरोबर ठेवा.